रविवारचं हँडल

लेडबरीच्या गॅरेजात ती ट्रेलरवरून आली, ताडपत्रीखाली,
पुढच्या मोठ्या दिव्यांवर कुणाचे तरी लोकरी मोजे चढवलेले.
क्लेमंट म्हणाला, लगोंडा. साडेचार लिटर. सदतीस सालची.
शंभर मैलांनी पळायची, दोन मॅग्नेटो, बारा प्लग.
अशा मोजून पंचवीस-तीस निघाल्या असतील म्हणे,
त्यातली ही एक
हॉप वाळवायच्या भट्टीत साठ वर्षं उभी.
मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली.

दार इतकं बुटकं
की बसल्या बसल्या हात सोडला तर
कडेचं गवत बोटांना लागावं.

मी टर्नर. किर्लोस्करवाडीत लेथपुढे उभा राहिलो
तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं.
गंजाचा वास मला लांबून येतो.
क्लेमंटने दहा पौंडांची पैज लावली : इंजिन जाम.
मीही तेच म्हणणार होतो, पण दोघांनी एकाच बाजूने
पैज कशी लावायची, म्हणून म्हटलं, फिरेल.

आणि फिरलं.
हेड उतरवलं तर सहाच्या सहा सिलिंडर
घासलेल्या तांब्यासारखे लख्ख.
एकात मला माझी मिशी दिसली.

गाडीची मालकीण बसने आली. इनिड प्रॉसर, वय ब्याऐंशी,
हातात भाजीची पिशवी.
म्हणाली, दर रविवारी चर्चहून आले की नऊ वेळा हँडल मारायचे.
महिन्यातून एकदा प्लग काढून
प्रत्येक भोकात चमचाभर तेल.
चमचा चांदीचा, आईच्या लग्नातला.
तो मग चहाला वापरता आला नाही.

गाडी भावाची, आयव्हरची.
पेट्रोल बंद झालं तेव्हा त्याने ती ठोकळ्यांवर चढवली
आणि इनिडला हँडल दाखवलं : अंगठा आत घेऊ नकोस,
उलटं फिरलं तर मोडेल.
मला वाटलं, आता तो युद्धात जाणार आणि येणार नाही.
तो आला. धडधाकट आला.
भट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही,
सहा महिन्यांत कॅनडाला गेला, तिकडे लाकडाच्या धंद्यात पडला.
दर नाताळला एक कार्ड :
सगळे मजेत. ती गाडी विकून टाक.

मग कुणासाठी, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
तिने पिशवीतले कांदे एका बाजूला सारखे केले.
‘सांगितल्यावर हलणारी
त्या घरात तेवढी एकच वस्तू होती.’

ऑक्टोबरात, गुरुवारी, पाऊण वाजता गाडी सुरू झाली.
समोरच्या खाटकाने सुरी खाली ठेवली.
खांबांवर उभं असलेलं ते जुनं मार्केट हाऊस
आपले लाकडी पाय आवळून बसल्यासारखं वाटलं.
क्लेमंट रडत होता, वर म्हणत होता धूर गेला डोळ्यांत.
इनिड भिंतीला टेकून ऐकत राहिली.
‘एवढा आवाज?’ ती म्हणाली.
‘मला वाटलं होतं, हळू बोलत असेल.’

चक्कर मारू या का, तर नको, आज बूट बरोबर नाहीत.
साठ वर्षांत ती एकदाही आत बसली नव्हती,
हे मला नंतर कळलं.
साडेतीनची बस होती. पिशवीतून कांद्याची पात
आणि पातीशेजारी काळसर लोखंडाचं एक टोक बाहेर आलेलं.
मी पाहिलं. तिने मला पाहताना पाहिलं.

गाडी सरेच्या एका दंतवैद्याने घेतली.
आठवड्याने त्याचा फोन :
सगळं उत्तम आहे, फक्त स्टार्टिंग हँडल सापडत नाही.
क्लेमंटने सगळं गॅरेज पालथं घातलं.
मी काही बोललो नाही.
एक सळई घेतली, तापवली, दोनदा वाकवली,
टोकाला खाच पाडली,
मूठ गुळगुळीत होईस्तोवर पॉलिश पेपर मारला.
नवं हँडल फारच नवं दिसत होतं.
तसंच पाठवलं.